भारगवीबाई आन् तुरेवाडीची अर्थाई

भार्गवी तशी वाईची. तिचं बोलणं रोज सकाळी घाटावर धुऊन आणल्यागत. आहे म्हणायची, नाही म्हणायची, आन् वर कृपया म्हणायची. तुरेवाडीत कुणाला कृपया म्हटलं की ते माणूस आदी मागं वळून बगतंय, कुणाला म्हणती ही म्हणून.

तुरेवाडी म्हंजी कवठेमहांकाळच्या बाजूचं गाव. माळरान, मुरूम, आन् घोटभर पाण्याला टँकर. तिथं ही लाईटच्या हापिसात इंजिनेर म्हणून आली. पयल्या दिशी स्कुटीवरनं आली ती डोईला पिवळी टोपी, खांद्याला लाल डबा. लाल डबा बगून चार बायका पोरं काखंला मारून पळत आल्या. त्येंना वाटलं, डोस पाजायला नर्सबाई आली. भार्गवीनं अर्धी घटका समजावलं, मी विजेची इंजिनियर आहे. तवर एक पोरगं तोंड आ करून बसलं ते मिटंना.

तिच्या हाताखाली केरबा वायरमन हुता. सव्वीस वरसं खांबावर चढलेला, मिश्या तारंवरनं ओढून सरळ केल्यागत. त्यानं तिचं नाव ऐकलं आन् कपाळाला हात लावला.

"म्याडम, गावात नाव सांगू नका बरं का. आदीच भारनियमन, त्यात भारगवी. लोकं म्हणतील, लाईट जाती ती काय कमी हुती?"

भार्गवीला इनोद कळायचा, पण टपालानं आल्यागत, दोन दिसांनी. तिसऱ्या दिशी केरबा खांबावर असताना ही खालनं एकदम हसाय लागली. केरबा दचकला. पडला असता म्हणा.

घरी वाईला तिचे वडील, तात्या. त्येंची लय इच्छा, पोरीनं पुण्याला गारव्यात बसून कंप्युटर बडवावा. ती म्हणली, तात्या, तारा जिथं संपतात तिथं काम करायचंय मला. तात्या म्हणले, तारा संपतात तिथं माणसंही संपलेली असतात गं. पण पोरगी हट्टाची. सांगलीच्या कालिजात शिकली तवापासनं तिच्या डोक्यात एकच किडा. इंजिनेराचं काम नुसतं लाईट पोचवायचं न्हाई. पोचलेल्या लाईटीनं कुणाचं वाटुळं होऊ नये, आन् उद्याच्या लेकरांस्नी बी ती उरावी, हे बी त्येचंच काम. बोलणं लय मोठं. पण करायची बी तसंच. शेतावर गेली की मोटारी मोजायची, कुणी आपोआप चालू व्हायचं बटण लावलं असलं की काढाय लावायची. लाईट आल्याबरुबर साठ मोटारी एकदम उठल्या की डीपीची छाती फुटती, म्हणायची.

लग्नात बोलावलं तर नवरी बगायची न्हाई, मांडवाची वायर बगायची. ज्ञानूच्या पुतणीच्या लग्नात अशीच. ज्ञानू म्हंजी गावातला तालेवार गडी, दोन हिरी, तीन मोटारी, आन् तोंड चौथ्या मोटारीगत. मांडवात लोखंडी खांबाला उघडी वायर गुंडाळलेली. भटजी शुभमंगल म्हणले, आन् सावधान म्हणायच्या आत हिनं मागं जाऊन लाईट तोडली. बेंजो बंद, माईक बंद, भटजी तोंडानं वरडून बेजार. नवरा-नवरीच्या डोईवर अक्षता पडल्या त्या मुक्यानंच. ज्ञानूनं सा महिने तिला रामराम घातला न्हाई.

तर गावाचा डीपी. डीपी म्हंजी गावाबाहेर खांबावर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, लाईटचं पेटारं. त्यातनंच घरात आन् मोटारींत करंट जातो. तुरेवाडीचा डीपी दर उन्हाळ्यात तीनदा जळायचा. मग आठ दिस अंधार, मग टेम्पोतनं नवा डीपी. तो आला की जावई आल्यागत. बायका ओवाळायच्या, गडी नारळ फोडायचे. भार्गवीला त्यात काय आनंद दिसंना.

"केरबाकाका, सगळं तेल मातीत गेलं. तांबं जळलं. आणि हे वर्षातून तीनदा? हे काम नव्हे, हे दहावं-बारावं आहे."

"मग जेवाण तरी घालायचं की," केरबा म्हणला.

तिनं लाल डबा उघडला. दोन सळ्या जमिनीत ठोकल्या, वायरी जोडल्या, बटण दाबलं. करंटाला मातीत जायला अडथळा किती, त्येचा आकडा आला अडतीस. पायजे हुता पाचाच्या आत. डीपीपासनं एक पट्टी खाली जमिनीत पुरलेल्या पायपाला जोडलेली असती, तिला अर्थिंग म्हणत्यात. बिघडलेला करंट त्या वाटंनं मातीत जायला पायजे. पण माती वली असली तर माती. तुरेवाडीची माती म्हंजी भाजलेला मुरूम. करंटाला वाटच न्हाई. मग तो फुटंल तिकडं हिंडायचा.

आन् हिंडत कुटं जायचा, तर शेजारी साळूबाईच्या गोठ्यात. साळूबाई सत्तरीची, एकटीच, एक म्हस. गोठ्याला पत्रा. म्हस पाणी प्यायला लोखंडी टाकीला तोंड लावायची आन् बिथरून मागं व्हायची. दूध आटलं. साळूबाईनं दृष्ट काढली, अंगारा लावला, बाहेरचं बगितलं. म्हस टाकीकडं बगून डोळं वटारायची.

इलाज सोपा हुता. पायपाभवती खड्डा करून मीठ आन् कोळसा भरायचा आन् उन्हाळाभर पाणी घालत ऱ्हायाचं. पण पाणी घालणार कोण? भार्गवीनं मेळावा ठेवला. फळ्यावर लिवलं, वीज व पर्यावरण जनजागृती मेळावा. तीन माणसं आली. त्यातली दोन मोबाईल चार्जिंगला.

मग ती आन् केरबा गेले साळूबाईकडं. केरबानं खड्डा काढला. भार्गवीनं आपल्या हातानं त्यात मीठ वतलं, वर कोळसा, पुन्यांदा मीठ. साळूबाई दारातनं बगत हुती. मीठ, कोळसा, आन् वार मंगळवार. तिच्या मनात काय शिजाय लागलं आसंल ते वाईच्या पोरीला कसं कळावं?

"आजी, इथं आठवड्यातून एकदा दोन कळश्या पाणी घालाल का, कृपया?"

"कुणाला?"

"अर्थिंगला."

"कोण ती?"

आता हितं भार्गवीनं भूसंपर्कन असं म्हटलं असतं तर पुढचं काय घडलंच नसतं. पण तिला कवा न्हवं ते सोपं बोलायची हुक्की आली.

"आजी, वरची वीज कधी बिघडली, चवताळली, की ही तिला खाली बोलावते आणि पोटात घेते. कुणाला इजा होऊ देत नाही."

पोटात घेती! साळूबाईनं दोन्ही हातानं पदर डोईवर घेतला. चुकल्या-माकल्याला पोटात कोण घेतंय? आईच की. साळूबाईनं घरातनं हळद-कुकू आणलं. भार्गवी तवर स्कुटीला किक मारून गेली बी. केरबानं बगितलं, पण त्यो काय बोलला न्हाई. सव्वीस वरसांत त्यानं फुकट पाणी घालणारं माणूस पयल्यांदाच बगितलं हुतं.

दुसऱ्या मंगळवारी साळूबाईसंगं पाच बायका. तिसऱ्याला वीस. अर्थिंगची झाली अर्थाई. पायपाला हिरव्या बांगड्या चढल्या. कुणाच्या सुनंला दिवस गेले, अर्थाई पावली. कुणाचं पोरगं पोलीस भरतीत पळालं, अर्थाईनं पळवलं. आन् म्हशीनं टाकीला तोंड लावलं, पोटभर पाणी प्याली आन् चार लिटर दूध दिलं, तवा तर साळूबाई गावाची पुजारीणच झाली. ज्या बायका तिला वरसानुवरसं वाटंत टाळायच्या, त्या आता म्हणाय लागल्या, साळूमावशी, माझ्या बी हातची कळशी घ्या की पुढं.

भार्गवीनं मंगळवारी येऊन डबा जोडला. आकडा चार. तिचा इश्वास बसंना. पुन्यांदा जोडला. चारच. मग तिनं बांगड्या बगितल्या.

"केरबाकाका, हे काय?"

"देव झालाय म्याडम. देव झाला की देखभाल फुकट."

"पण हे खोटं आहे!"

"आकडा खरा हाय न्हवं?" केरबा म्हणला. "मग? आन् खोटं कोण बोललं? तुमी बोललासा?"

न्हाई म्हणता येईना. तिनं सोमवारी ठरवायचं, उद्या सांगून टाकीन. मंगळवारी डोईवर कळश्या घेऊन उन्हातनं येणाऱ्या बायका बगितल्या की म्हणायची, पुढच्या आठवड्यात. बरं, ते पाणी बी कसलं? टँकरचं, पिण्याचं, फडक्यानं गाळलेलं. देवीला उष्टं कसं घालायचं? साळूबाई सवता दिसाला दोन तांबे कमी प्यायची आन् ते अर्थाईला घालायची. हे भार्गवीला समजलं तवा तिनं हातातला घास ताटात ठेवला. पण सांगितलं न्हाई. सांगितलं आन् बायका थांबल्या तर? डीपी पुन्यांदा जळंल, म्हस पुन्यांदा बिथरंल. एप्रिल गेला, मे निम्मा गेला, डीपी एकदा बी जळला न्हाई. सांगलीच्या हापिसातनं फोन आला, तुरेवाडीत लोकसहभाग कसा मिळवला त्यावर चार शब्द बोलायला या म्हणून. ही आरशापुढं हुबी ऱ्हाऊन चार शब्द पाठ करायची, आन् तिसऱ्या शब्दाला आरशाकडं बगणं बंद करायची.

आन् मग त्यो मंगळवार आला.

सकाळचे अकरा. बायका जमलेल्या. ज्ञानू हातात नारळ घेऊन आला. त्येच्या मोटारीचा फ्यूज उडाला हुता. वायरमनला कशाला बोलवा, आपणच तार बांधून घालू म्हणला. नारळ फोडला, कपाळाला कुकू लावलं, चपला काढल्या. देवीपाशी कोण चपला घालतंय? आन् अनवाणी पायानं डीपीच्या कुंपणाचं दार उघडून खालच्या फ्यूजपेटीत हात घालाय वाकला.

तेवढ्यात भार्गवीची स्कुटी. तिनं स्कुटी लावली न्हाई, तशीच सोडून दिली. स्कुटी पडली घाणेरीत.

"ज्ञानू! हात मागे!"

कृपया न्हाई, दादा न्हाई. ज्ञानू असा थिजला जसा शाळंत मास्तरानं पकडलाय.

"लाईन चालू आहे! मरायचंय का?"

"आवं म्याडम," ज्ञानू म्हणला, "दिवसाची लाईट हाय ही. गायरानात सोलरच्या काचा बसवल्यात न्हवं, त्यावरची. उन्हाची लाईट. ती मऊ असती. मारकी ती रातची, कोयनेची."

"कुणी सांगितलं तुम्हाला? उन्हाची असो, पाण्याची असो, तारेत आली की सारखीच!"

"आन् बसलाच झटका तर अर्थाई हाय की. पोटात घेती." ज्ञानू हसला. "तुमीच सांगितलंयसा न्हवं साळूमावशीला?"

भार्गवीचंच वाक्य. तिनं सोपं करून सांगितलेलं. ते ह्या माणसाच्या कपाळावर कुकू होऊन बसलं हुतं आन् त्येला फ्यूजाकडं ढकलत हुतं. आणिक दोन बोटं पुढं गेला असता तर तिनंच मारला असता त्येला, इतक्या दुरनं.

तिनं केरबाला फोन करून लाईट बंद करायला लावली. आन् समद्या बायकांपुढं, ज्ञानूपुढं, सांगितलं. हा पायप आहे. लोखंडाचा. खाली मीठ-कोळसा आहे तो माती ओली राहावी म्हणून. हा कुणाला पावत नाही आणि कुणाला वाचवतो तेही फक्त ठरल्या वाटेने. तुम्ही तारेला हात लावलात तर हा तुमच्या आड येणार नाही. चूक माझी आहे, मी बोलायला चुकले, आणि कळल्यावर गप्प बसले. ती मोठी चूक.

एका बाईनं कळशी हळूच उचलून परत डोईवर घेतली आन् घरची वाट धरली. तिच्यामागं दुसरी. ज्ञानूनं कपाळ पुसलं, आन् पुसलं ते बरं पुसलं न्हाई, तांबडा पट्टा झाला गालावर.

साळूबाई शेवटाला ऱ्हायली. म्हणली, "पोरी, दोन महिनं माझ्याकडनं पायपाची आरती करून घेतलीस व्हय गं?" आन् दार लावून घेतलं.

भार्गवीनं सांगलीला फोन लावला. साहेबाला म्हणली, मी बोलायला येणार नाही, लोकसहभाग माझ्या चुकीमुळे झाला. साहेब हसले, "अहो, तुम्ही आकडा सांगा, गोष्ट कशाला सांगता?" ही म्हणली, "गोष्टीनेच आकडा आलाय साहेब. नुसता आकडा सांगितला तर उद्या दुसऱ्या गावातही कुणी अशीच गोष्ट सांगेल." चार शब्द दुसऱ्याच कुणीतरी बोललं.

पुढच्या मंगळवारी डीपीपाशी कुत्रं न्हाई. आकडा नऊ. भार्गवीनं स्कुटीवर दोन कॅन बांधून पाणी आणलं. अर्धं वाटंतच सांडलं. तिला ना कंबर, ना डोई, पाणी कसं न्यावं ते ठावं न्हाई. गडी पारावर बसून बगायचे. एक म्हणला, भारगवीबाईंनी नवस केलाय वाटतं. त्येच्या पुढच्या मंगळवारी आकडा सतरा. ऊन असं की पाणी वतलं की माती फुस्स म्हणायची. साळूबाईची म्हस टाकीपासनं एक पाऊल मागं हुबी ऱ्हायली.

तिसऱ्या मंगळवारी ही सळ्या ठोकत हुती. हातोडा मुरमावर आपटून तिच्याच बोटावर बसला. साळूबाईच्या दाराची कडी वाजली.

"रोज रोज काय बगतीस गं त्या डब्यात?"

"आजी, आकडा बघते."

"कसला आकडा?"

भार्गवी सांगाय लागली. पण ह्या वेळी सोपं करून सांगायची तिला लय भीती. शब्द तोंडात घोळवत बसली. साळूबाईच वाकून डब्याकडं बगाय लागली.

"ही डेअरीतल्या फॅटच्या मशीनीवानी हाय की. सकाळ-संध्याकाळ बगती मी. माझ्या म्हशीला सात लागतंय."

"हो आजी! अगदी तसंच. फक्त तिथे फॅट वाढलं की चांगलं. इथे आकडा जेवढा कमी तेवढा चांगला. पाचाच्या आत पाहिजे."

"आन् आता किती हाय?"

"एकवीस."

साळूबाईनं डोळं बारीक केलं. "मशीन खोटं बोलत आसंल. डेअरीचं बी बोलतंय. पुन्यांदा लाव."

भार्गवीनं पुन्यांदा लावलं. एकवीस.

"मला दाबू दे."

साळूबाईनं बटण दाबलं. एकवीस. मग ती आत गेली. आली ती बादली घेऊन. म्हस धुतलेलं पाणी, शेणानं हिरवंगार. खड्ड्यापाशी हुबी ऱ्हाऊन इचारलं, "देवाला असलं चालंना. पायपाला चालतंय का?"

"चालतं आजी. उलट असलंच चांगलं. पिण्याचं तर मुळीच घालू नका."

"मग हे आदी सांगायला काय झालं हुतं?" साळूबाई तडकली. "दोन महिनं तान्हेली ऱ्हायली मी!"

बादली वतली, पुन्यांदा बटण दाबलं. सोळा. आणिक एक बादली. बारा. साळूबाईला आता हट्ट चढला. शेजारणीला हाक मारली, "आगं ए चंद्रे, भांडी घासलेलं पाणी फेकू नगंस, हिकडं आण! फॅट उतरवायचंय!" चंद्राबाई आली, तिच्या मागनं आणिक दोघी. आकडा उतरंल तसा गलका वाढला. सात आला तवा एक जण म्हणली, आता थांबा, माझं बी कपडे धुतलेलं पाणी हाय, माझ्या पाण्यानं पाचाच्या आत जाऊ दे. भार्गवी बाजूला ठेचलेलं बोट तोंडात धरून बसली हुती. तिला कुणी इचारत बी नव्हतं.

आठ दिसांनी ज्ञानूच्या मोटारीचा फ्यूज पुन्यांदा उडाला. पिकाला पाणी पायजे, ऊन वर आलेलं, केरबा दुसऱ्या गावात खांबावर. ज्ञानू डीपीपाशी आला, हिकडं तिकडं बगितलं, आन् हळूच दाराला हात घातला.

"मुडद्या!" साळूबाई गोठ्यातनं काठी घेऊन बाहेर. "मागं हो!"

"आवं मावशी, दोन मिंटाचं काम हाय. कुणाला कळतंय?"

"तुज्या बायकूला कळंल की, मयतीला आल्यावर. मागं हो म्हणते न्हवं?"

"गेल्या महिन्यापतूर तर तुमीच म्हणत हुतासा, पोटात घेती म्हणून."

"तवा ती आई हुती," साळूबाई म्हणली. "आता पायप हाय. पायपाला माया नसती. केरबा ईस्तोवर त्या लिंबाखाली बस. बस म्हणते!"

ज्ञानू बसला. दोन तास बसला. तालेवार गडी, दोन हिरी, तीन मोटारी, आन् लिंबाखाली मांडी घालून, तोंड बंद. साळूबाईनं मधी एकदा त्येला च्या दिला, त्यो बी काठी हातातली न सोडता.